जिथे ठिपके नव्हते

श्यामराव मोहरील यांनी सत्तरी गाठेपर्यंत सुनेसमोर कधी गुडघा उघडा टाकला नव्हता, आणि दैवाची गंमत अशी की नेमका त्यांचा गुडघाच सुनेच्या हाती आला. सून म्हणजे कौमुदी. माहेर नागपूरचं, शिक्षण सांख्यिकीतलं एम.एस्सी., सासर रायपूरच्या बुढापाऱ्यात आणि नोकरी शंकर नगरमधल्या एका हाडांच्या दवाखान्यात. तिथे चालीची लॅब होती. माणूस चालतो कसा, हे तिथे मोजत. लोकांना ऐकून हसू येई. चालणं काय मोजायचं, असं म्हणणारे पुढे कधीतरी पाय मोडून घेत आणि लंगडत तिच्याच दारात येत. तेव्हा कौमुदी त्यांना त्या हसण्याची आठवण करून देत नसे. एवढा मोठेपणा तिच्यापाशी होता.

नम्रपणा मात्र फारसा नव्हता, आणि तो का असावा? लॅबमधलं सगळं गणित तिने एकटीने बसवलं होतं. कॅमेरे विकणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन जोडणी करून गेला, जाताना एक जाडजूड पुस्तक देऊन गेला, आणि त्यानंतर फोन उचलेनासा झाला. कौमुदीने पुस्तक बाजूला ठेवलं आणि स्वतः प्रोग्रॅम लिहिला. आसपासच्या जिल्ह्यांतून पेशंट येत, तिचा अहवाल घेऊन जात. त्या अहवालावर ऑपरेशनं ठरत आणि टळतही. आपल्या कामात खोट निघेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर श्यामरावांचा उजवा गुडघा याच दवाखान्यात बदलला. ऑपरेशन डॉक्टर जयंत उमाळकरांनी केलं आणि चांगलं केलं, पण त्यानंतरचे दिवस घरच्यांना विसरता येण्यासारखे नव्हते. भूल उतरताना श्यामरावांच्या हृदयाचे ठोके चुकू लागले. मग ताप भरला. भुलीच्या डॉक्टरांनी मुलाला, म्हणजे अभिनवला, बाजूला घेऊन सांगितलं की या माणसाला पुन्हा भूल द्यायची वेळ न आलेली बरी. सरोजिनीबाई, श्यामरावांच्या पत्नी, त्याच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आधीच एक जागा रिकामी होती. आणखी एक रिकामी होते की काय, या धास्तीने अभिनव कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा राहायचा आणि कौमुदी त्याला बळेच चहा पाजायची.

तर अशा त्या गुडघ्याबद्दल, उन्हाळ्यातल्या नेहमीच्या तपासणीनंतर, डॉक्टर जयंत म्हणाले की तो पुन्हा उघडावा लागेल. चालीचा अहवाल त्यांच्या समोर होता. टाच जमिनीला टेकते त्या क्षणी गुडघा उलट्या बाजूला, मागे वाकतो आहे असं त्यावरची रेघ सांगत होती. म्हणजे आतला सांधा सैल झाला. तो असाच ठेवला तर आणखी बिघडेल, तेव्हा येत्या सोमवारी करून टाकू.

श्यामराव हो म्हणाले. एक प्रश्न नाही, एक सुस्कारा नाही. घरी आल्यावर अभिनवने त्यांना चारचारदा विचारलं, पण त्यांचं उत्तर एकच.

"मशीन म्हणते तर असंन."

कौमुदीने याचा अर्थ आपल्या परीने लावला. श्यामराव जन्मभर रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. सिग्नल लाल असला की थांबायचं, तो का लाल आहे हे विचारत बसायचं नाही, ही त्यांची शिस्त. ती शिस्त अंगात मुरलेली, म्हणून बाबा मशीनचं ऐकतात, असं तिला वाटलं. शिवाय मशीन तिचंच होतं, त्यामुळे आपला सासरा विज्ञानाची कदर करतो याचा तिला थोडा अभिमानही वाटला. माणसाला दुसऱ्याच्या मनातलं आपल्या सोयीने वाचता येतं, आणि हुशार माणसाला तर जरा जास्तच येतं.

आता ही रेघ निघते कशी, ते सांगायला हवं. मांडीवर, गुडघ्यावर आणि घोट्यावर चमकते गोळे चिकटवायचे आणि माणसाने एका लांब चटईवरून चालायचं. भिंतीवरचे कॅमेरे गोळे टिपतात, आणि गुडघा त्या त्या क्षणी किती वाकला याचा एकेक ठिपका संगणकावर पडत जातो. ठिपके सुटे असतात, चाल सलग असते. म्हणून ठिपक्यांतून सलग रेघ काढावी लागते, आणि ती काढण्याची कौमुदीची पद्धत बहुपदीची होती. आर नावाच्या, फुकट मिळणाऱ्या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये ती आधी मूळ वक्रांचा एक संच तयार करी. पहिला वक्र म्हणजे नुसती आडवी रेघ. दुसरी सरळ, पण चढती. तिसरा वेळेचा वर्ग, तो एकदा वाकतो. मग वेळेचा घन, मग चौथा घात, पाचवा घात, असे चढत जायचे. यातला प्रत्येक किती घ्यायचा ते संगणक ठरवतो, आणि डब्यातल्या त्याच मसाल्यांतून रोज वेगळी भाजी व्हावी तशी त्याच वक्रांतून प्रत्येक माणसाची वेगळी चाल उतरते. एक पाऊल शून्यापासून शंभरापर्यंत मोजलं तर शंभराचा पाचवा घात हजार कोटींवर जातो आणि गणिताला धाप लागते, म्हणून शून्य पावलाच्या मधोमध ठेवायचं, हेही कौमुदीने पहिल्याच महिन्यात करून टाकलं होतं. मात्र असे वक्र घ्यायचे किती, हे संगणक आपणहून सांगत नाही. ते माणसाने ठरवायचं असतं.

सुरुवातीला ती मोजकेच घेई. रेघ ठिपक्यांच्या जवळून जाई, पण सगळ्यांना शिवत नसे. डॉक्टर जयंतांना ते खटकलं. पेशंट विचारतो की ठिपका इथे आणि रेघ तिथे, हे कसं काय, आणि मग त्याला समजावत बसावं लागतं. रेघ ठिपक्यांना शिवलीच पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. पुढे म्हणाले की ठिपके छापूच नका, नुसती रेघ कशी देखणी दिसते. कौमुदीला जमत नाही असं काही नव्हतं. रेघ ठिपक्यांना शिवेपर्यंत प्रोग्रॅमने आपोआप एकेक घात वाढवत जायचं आणि अहवालावर फक्त रेघ छापायची, अशी सोय तिने करून दिली. अहवाल खरंच देखणे दिसू लागले. डॉक्टर खूश, पेशंट खूश, आणि कौमुदीही खूशच होती.

शुक्रवारी सकाळी ती स्कूटरवरून दवाखान्यात निघाली होती. बुढा तालाबाच्या कडेने जाताना तिला घाटाच्या पायऱ्यांवर श्यामराव दिसले. ते रोज सकाळी माशांना कणकेच्या गोळ्या घालायला जात, यात नवल नव्हतं. ती हॉर्न देणार तेवढ्यात थांबली. श्यामराव पायऱ्या उतरत होते. एका हातात कणकेचं पुडकं, दुसरा हात मोकळा, नजर पाण्याकडे. ऑपरेशनचा पाय आधी खालच्या पायरीवर जायचा, टाच टेकायची, सगळा भार तिच्यावर पडायचा, आणि दुसरा पाय निवांत मागून यायचा.

कौमुदीने असे पाय रोज पाहिले होते. ज्याचा गुडघा मागे वाकतो तो माणूस अशा पायऱ्या उतरत नाही. तो आधी कठडा शोधतो, मग आडवा होऊन उतरतो, आणि त्याची नजर पाण्याकडे नाही, पायाकडे असते. ती स्कूटर एका बाजूला लावून पाहत राहिली. श्यामराव तसेच वर चढले, तसेच पुन्हा खाली गेले. मागून एक ऑटोवाला हॉर्न वाजवून वैतागला, तेव्हा ती निघाली.

लॅबमध्ये पोचल्यावर तिने श्यामरावांचं मोजमाप उघडलं आणि रेघेबरोबर ठिपके दाखवायला सांगितले. मग खुर्चीत मागे टेकून बसली. पावलाच्या मधल्या सगळ्या भागात ठिपके होते, अगदी दाट. पण सुरुवातीला, जिथे टाच टेकते, तिथे ठिपके नव्हते. शेवटी, जिथे तीच टाच पुन्हा टेकते, तिथेही नव्हते. आणि रेघ मात्र दोन्हीकडे तितक्याच तोऱ्यात पुढे गेलेली, टोकाला खाली वाकलेली, म्हणजे गुडघा मागे गेला असं सांगणारी. त्या वाकण्याखाली मोजलेलं काहीच नव्हतं.

ठिपके का नव्हते, हे आठवायला तिला वेळ लागला नाही. श्यामराव म्हणजे स्वयंपाकघरात पाऊल टाकण्याआधी खाकरणारा माणूस. सून स्कूटरवर गावभर हिंडते याचं त्यांना कौतुक, ती इंग्रजीतून फोनवर बोलते याचं तर फारच, पण तिच्यासमोर ते कधी नुसत्या बनियनवर बसले नव्हते. लॅबचा नियम होता की पेशंटने हाफ पँट घालायची. श्यामरावांनी ती हातात घेतली, कौमुदीकडे पाहिलं, आणि परत ठेवली. शेवटी पायजमाच मांडीपर्यंत गुंडाळायचा असं ठरलं. गोळे चिकटवणारा विशाल अडखळला, त्याने विचारलं की दीदी, चालेल का? आणि कौमुदी चालेल म्हणाली, वर सासऱ्याचा मान राखून खुर्ची भिंतीकडे वळवून बसली. पाय पुढे पसरला की गुंडाळी सुटून गुडघ्यावरच्या गोळ्यावर येत असणार, पाय दुमडला की पुन्हा वर सरकत असणार. कॅमेऱ्याला गोळा दिसत नव्हता, तिने पाहिलं नव्हतं, आणि प्रोग्रॅमला रिकामी जागा सोडायला तिने शिकवलंच नव्हतं.

मग तिने एकच गोष्ट करून पाहिली. संचातला सगळ्यात वरचा घात काढून टाकला. खाली वाकलेलं टोक उलटं वर गेलं. आणखी एक काढला, टोक पुन्हा खाली आलं. तिसऱ्यांदा ते भलतीकडेच गेलं. मधली रेघ मात्र जागची हलली नाही. जी गोष्ट श्यामरावांच्या गुडघ्याची होती ती तशीच राहत होती, आणि जी गणिताची होती ती नाचत होती. कौमुदीला स्वतःचा इतका राग आला की ती उठून लॅबमध्ये दोन चकरा मारून आली. या नाचावर सोमवारी एका माणसाला भूल देणार होते.

रागाचं एक बरं असतं, तो पायात येतो. ती सरळ डॉक्टर जयंतांच्या खोलीत गेली आणि बाहेर पेशंट बसलेले असताना आत लॅपटॉप उघडून उभी राहिली. चूक माझी आहे, हे तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, आणि दुसऱ्या वाक्यापासून गणित सुरू केलं. डॉक्टर हुशार होते, टोकाचा नाच पाहून त्यांना समजायला वेळ लागला नाही. पण ते लगेच सोमवार रद्द करायला तयार नव्हते, आणि त्यांचंही चूक नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की रेघ तिथे खोटी आहे एवढंच यातून कळतं, गुडघा बरा आहे असं कळत नाही. त्यांच्या हाताला सांधा थोडा सैल लागला होता. तेव्हा पुन्हा मोज. उद्या मला टाच टेकतानाचे ठिपके दिसले आणि गुडघा सरळ दिसला, तर थांबू. नाही दिसले, तर सोमवार ठरलेला आहे.

तिने तलावावरचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पायऱ्या उतरताना पाहिलं हे तू मला सून म्हणून सांगतेस. लॅबवाली म्हणून ठिपके आण. कौमुदीला हे लागलं, पण पटलंही.

संध्याकाळी घरी तिने सगळं समजावून सांगितलं. अभिनव नुकताच नव्या रायपूरहून आला होता. मंत्रालय तिकडे गेल्यापासून त्याचा अर्धा दिवस ऑफिसच्या बसमध्येच जाई, आणि घरी आला की तो पलंगावर आडवा पडूनच बोले. मराठी त्याला सगळी कळे, तोंडातून मात्र हिंदीच येई. त्याने निम्मं ऐकलं आणि म्हणाला, "पापा नहीं मानेंगे. लिख के ले लो."

पापा खरंच मानेनात. पुन्हा मोजायला त्यांची ना नव्हती. ना होती ती हाफ पँटला.

"मी तुह्यासमोर चड्डीवर चालू? ते होत नाही."

"अहो बाबा, मग सोमवारी काय पायजमा घालून टेबलावर झोपणार आहात?"

"तिथं तू नसते," श्यामराव म्हणाले.

अभिनवने उशीत तोंड खुपसून हसू दाबलं आणि मग पाणी प्यायच्या निमित्ताने आत पळाला. कौमुदीने श्यामरावांना सरळच विचारलं की गुडघा दुखतो का, चालताना लचकतो का. ते म्हणाले, मशीनला विचार. मशीन आंधळं होतं म्हणून तर मी सांगतेय, असं ती म्हणाली, तर ते म्हणाले की मग ऑपरेशन करून टाकू, डॉक्टरांचा हात चांगला आहे. हट्टाला इतकं शांत राहता येतं हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. ती समोरच्या वेताच्या मोढ्यावर बसली आणि जे मनात होतं ते माहेरच्या बोलीत बोलली.

"मले भीती वाटून राहिली, बाबा. मागच्या खेपेले तुमचे ठोके चुकले तेव्हा मी तिथंच होती. माह्या एका चुकीनं तुम्ही पुन्हा त्या टेबलावर गेले, तर मी त्या लॅबमंधी पाय ठेवणार नाही. काहून असं करून राहिले तुम्ही?"

श्यामरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. या बाईला भीती वाटते ही त्यांना नवी बातमी असावी. सरोजिनीबाई गेल्या तेव्हा घर सावरलं ते हिनेच, आणि त्या दिवसांतही हिचा आवाज कधी कापला नव्हता. मग त्यांनी विचारलं की विशालने एकट्याने मोजलं तर चालेल का. चालेल, ती म्हणाली, मी बाहेर बसते, दार लावून घेते.

"हव," श्यामराव म्हणाले. "मंग येतो."

हाफ पँट आणायला अभिनव गोल बाजारात गेला आणि दुकानं पालथी घालून आला, कारण वडिलांची अट होती की रंग साधा पाहिजे आणि पोट्ट्यांसारखी नको. अखेर मिळाली ती खाकी. श्यामरावांनी ती उजेडात धरून पाहिली आणि ही गार्डाच्या कपड्याच्या जवळची आहे असं म्हणून ठेवून घेतली.

शनिवारी कौमुदीने सकाळीच प्रोग्रॅम बदलला. घात आपोआप वाढवायची सोय काढून टाकली, मोजकेच वक्र ठेवले, ठिपके पुन्हा दिसायला लावले, आणि जिथे ठिपके नसतील तिथे रेघ थांबेल अशी व्यवस्था केली. रेघ आता आधीइतकी देखणी दिसत नव्हती. ज्याला देखणी हवी त्याने ती स्वतः काढावी, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. श्यामराव आले, विशालबरोबर आत गेले, दार लागलं, आणि कौमुदी कॉरिडॉरमध्ये कूलरजवळच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या लॅबमध्ये मोजमाप चालू आहे आणि ती बाहेर आहे, असं आजवर झालं नव्हतं. तिला पाय हलवत बसावं लागलं.

थोड्या वेळाने विशालने दार उघडून डोकं बाहेर काढलं.

"दीदी, अंकल आपको बुला रहे हैं."

ती आत गेली. चटईच्या टोकाला श्यामराव खाकी हाफ पँटमध्ये उभे होते. दोन्ही हात शरीराला चिकटलेले, मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवर, रेल्वेच्या डॉक्टरी तपासणीला उभे असल्यासारखे. पाय बारीक होते, पोटऱ्यांवर निळ्या शिरा होत्या, आणि उजव्या गुडघ्यावर उभा, गुळगुळीत व्रण. हा व्रण तिला कागदपत्रांतून माहीत होता, पाहिला आज.

"यानं गोळे लावले," श्यामराव भिंतीशीच बोलले. "ते नीट लागले का नाही हे मले काय समजते. तू पाह्य."

कौमुदी खाली बसली. गुडघ्यावरचा गोळा जरासा वर चिकटला होता. तो तिने काढला, बोटाने सांध्याची रेषा चाचपली आणि बरोबर जागी बसवला. श्यामराव हलले नाहीत. मग ती उठली, संगणकाशी गेली, आणि या वेळी खुर्ची भिंतीकडे न वळवता चटईकडे वळवून बसली. चाला बाबा, ती म्हणाली. श्यामराव चालले. पहिल्या फेरीत जरा अवघडून, दुसऱ्या फेरीत कमी, आणि तिसरीत त्यांच्या नेहमीच्या चालीने, तलावाकडे निघाल्यासारखे.

ठिपके पडत गेले. टाच टेकायच्या आधीपासून ते पुन्हा टेकून झाल्यावरपर्यंत, कुठे खंड नाही. तिने मोजक्या वक्रांची रेघ काढली. ती एकदोन ठिपक्यांना शिवली नाही, त्याची तिला पर्वा नव्हती. टाच टेकताना गुडघा सरळ होता, किंचित पुढे वाकलेला, जसा चांगला गुडघा असतो तसा. तिने एक घात वाढवून पाहिला, एक कमी करून पाहिला. आज टोकं जागची हलली नाहीत.

डॉक्टर जयंतांना बोलावलं. त्यांनी आधी ठिपके पाहिले, मग रेघ, मग श्यामरावांना बाकावर बसवून गुडघा स्वतःच्या हातांनी पुन्हा दाबून, फिरवून पाहिला. नव्या सांध्यात एवढं सैलपण असतंच, ते म्हणाले, कागदावरची ती रेघ पाहिल्यावर माझ्या हातालाही जास्तीचं लागलं होतं. खिशातून फोन काढून त्यांनी सोमवारची वेळ रद्द करायला सांगितलं. कौमुदीने डोळे मिटले आणि उघडले. बाहेर कूलरचा आवाज येत होता, विशाल गोळे मोजून डबीत ठेवत होता.

एवढ्यात डॉक्टरांना काहीतरी सुचलं. त्यांनी श्यामरावांना विचारलं की दुखतं का.

"नाही."

कधीपासून दुखत नाही, त्यांनी विचारलं.

"टाके निघाले तेव्हापासून."

लचक, आवाज, पाय अडकणं, काही? काही नाही, श्यामराव म्हणाले. पायऱ्या चढतो, उतरतो, मांडी घालायची तुम्ही मनाई केली म्हणून घालत नाही, नाहीतर तीही घातली असती. डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "अहो, मी गुडघा पुन्हा उघडायचा म्हणालो तेव्हा हे का नाही बोललात? जीव धोक्यात घालत होता तुम्ही."

श्यामरावांनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. त्यांनी कौमुदीकडे पाहिलं, आणि मग पुन्हा भिंतीकडे.

"ती रेघ म्हणजे हिचं काम," ते म्हणाले. "सासऱ्यानंच सगळ्यांसमोर खोटं म्हटलं, तर बाकीच्यांनी कायले खरं मानावं?"

विशालने डबीचं झाकण तसंच हातात धरलं. म्हणजे सिग्नल आणि शिस्त यांतलं काही नव्हतंच. या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की गुडघा बरा आहे, आणि तरीही तो तिच्या रेघेची लाज राखायला टेबलावर जाऊन झोपणार होता. कौमुदीला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. रडू तिने गिळलं आणि राग घेतला, तो तिला जास्त जमत असे. ती खुर्चीवरून उठून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, माझं काम चुकलं तर मी दुरुस्त करते. आज सकाळी केलंच ना? तुम्हाला काही झालं असतं, तर ते मी कशानं दुरुस्त केलं असतं?"

श्यामरावांनी गुडघ्यावरचा व्रण बोटाने चाचपला.

"पुढच्या वेळी मला सगळ्यांसमोर खोटं म्हणा. डॉक्टरांसमोर म्हणा, विशालसमोर म्हणा, भर गोल बाजारात म्हणा. पण दुखत नसेल तर दुखत नाही म्हणायचं. म्हणाल?"

श्यामरावांनी मान खाली घातली. आपण उघड्या गुडघ्यांनी सुनेची बोलणी खात बसलो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं असावं, पण त्यांनी पायजम्याकडे हात नेला नाही.

"म्हणीन," ते म्हणाले.

कौमुदी वळली आणि संगणकासमोर बसली. नव्या अहवालात रेघेच्या वर तिने एक मोकळी ओळ घातली, आणि त्या ओळीत काय लिहू, असं तिने पाठमोऱ्यानेच विचारलं. आवाज जरा कापला, तो तिने कापू दिला. मागून श्यामराव एकेक शब्द सुटा करत बोलले आणि ती तसाच्या तसा टाइप करत गेली. गुडघा दुखत नाही. आधीही दुखत नव्हता.